स्प्रेडशीटमधील फॉरमॅटिंगचे कीबोर्ड शॉर्टकट

स्प्रेडशीटमधील, म्हणजे ओळी व रकान्यांत हिशेब मांडणाऱ्या संगणकीय तक्त्यातील, अक्षरांचे व आकड्यांचे दृश्य रूप माउस न वापरता, ठरावीक कळा एकत्र किंवा एकामागून एक दाबून बदलण्याची ही पद्धत आहे. सेलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या एका चौकटीत, भरलेले मूल्य त्यामुळे बदलत नाही, केवळ ते कसे दिसावे हे बदलते. इंदूरमध्ये मराठी मंडळांच्या वर्गणीच्या याद्या असोत की कापड बाजारातल्या पेढीचा हिशेब, एकाच शीटवर मराठी नावे, हिंदी शेरे आणि इंग्रजी शीर्षके एकत्र येतात. अशा शीटवर या शॉर्टकटांची सोय दिसते, तशा त्यांच्या मर्यादाही उघड्या पडतात.

कळांनी हुकूम देण्याची रीत स्प्रेडशीटइतकीच जुनी आहे. १९७९ साली ॲपल-२ संगणकासाठी आलेल्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटमध्ये तिरपी रेघ दाबून पुढे एकेक अक्षर दिले जाई. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल हे स्प्रेडशीट १९८५ मध्ये ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकावर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले.

अक्षरांचे शॉर्टकट थोडे आणि सर्वपरिचित आहेत. कंट्रोल-बीने मजकूर ठळक, कंट्रोल-आयने तिरपा व कंट्रोल-यूने अधोरेखित होतो, तर एक्सेलमध्ये कंट्रोल-५ दाबल्यास त्यावर आडवी रेघ येते. वर्गणी जमा झालेली नावे खोडायला हे शेवटचे विशेष उपयोगी पडते. सेलमधला एकच शब्द ठळक करायचा असल्यास आधी एफ-२ दाबून सेल उघडावा लागतो, मग शिफ्ट व बाणाच्या कळांनी तो शब्द निवडावा लागतो. देवनागरीला मात्र यांतले सगळेच सारखे मानवत नाही. विंडोजमधील मंगल फॉन्टला स्वतंत्र तिरपे रूप नसल्याने संगणक सरळ अक्षरेच कलती करून दाखवतो, आणि अधोरेखन बहुधा उकारांना छेदून जाते. मराठी शीर्षकासाठी ठळक अक्षरेच बरी.

खरी बचत आकड्यांच्या शॉर्टकटांत आहे. एक्सेलमध्ये कंट्रोल व शिफ्ट धरून १ दाबल्यास स्वल्पविरामांसह दोन दशांश स्थळे, ४ दाबल्यास चलन, ५ दाबल्यास टक्केवारी आणि ३ दाबल्यास तारीख असे रूप मिळते. हे शॉर्टकट डॉलर, टक्का अशा चिन्हांनी शिकवले जातात, पण देवनागरी टंकण्याच्या इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्टसह त्याच कळांवर र्, ज्ञ अशी अक्षरे उमटतात, म्हणून मराठी टंकणाऱ्याने चिन्हापेक्षा कळेवरचा अंक लक्षात ठेवलेला चांगला. रुपयाचे चिन्ह आणि लाख-कोटींप्रमाणे पडणारे स्वल्पविराम विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून असतात. ते सेटिंग अमेरिकी असेल, तर तीच कळ डॉलर दाखवते.

मूल्य तेच राहून रूप बदलते म्हणजे काय, हे चुकीची कळ लागल्यावर चटकन कळते. वर्गणीच्या रकान्यातील ५०१ या आकड्यावर तारखेचा शॉर्टकट लागला, तर तेथे १५ मे १९०१ ही तारीख दिसू लागते, कारण स्प्रेडशीट तारखा दिवसांच्या क्रमांकाने साठवते आणि ५०१ हा त्या दिवसाचा क्रमांक आहे. तसेच आधी भरलेल्या १८ वर टक्केवारी लावल्यास १८०० टक्के दिसतात. घाबरून आकडे पुन्हा भरण्याची गरज नसते, कंट्रोल-झेड पुरते.

शॉर्टकट सर्वत्र एकसारखे नाहीत. कंट्रोल-ईने लिब्रेऑफिस कॅल्क या दुसऱ्या स्प्रेडशीटमध्ये मजकूर मध्यभागी येतो, एक्सेलमध्ये मात्र तीच कळ शेजारच्या नमुन्यावरून रकाना भरू पाहते. गूगल शीट्समध्ये आडव्या रेघेसाठी ऑल्ट-शिफ्ट-५ दाबावे लागते.

सारे फॉरमॅटिंग पुसण्यासाठी एक्सेलमध्ये ऑल्ट, एच, ई, एफ या कळा एकामागून एक दाबतात, तर कॅल्कमध्ये कंट्रोल-एम. हिंदी पट्ट्यात रुळलेल्या कृतिदेव फॉन्टमधील जुन्या याद्यांवर हा शॉर्टकट वापरताना जपावे लागते. त्या यादीतील देवनागरी ही केवळ फॉन्टने दाखवलेली असते. फॉन्ट पुसला गेला, की ‘राम’च्या जागी जे, के, ई ही रोमन अक्षरे उरतात. पुन्हा कृतिदेव लावल्यास ‘राम’ परत दिसतो, परंतु ज्या शीटमध्ये काही नावे युनिकोडमध्ये (फॉन्ट बदलला तरी देवनागरीच राहणाऱ्या पद्धतीत) आणि काही कृतिदेवमध्ये आहेत, तेथे कोणत्या सेलला कोणता फॉन्ट होता हे एकेक पाहून ठरवावे लागते.