सरकारी दवाखान्यातील शुल्क व शुल्कमाफी (ग्रामीण विदर्भ)

सरकारी आरोग्यसंस्थेत नोंदणी, तपासणी, औषधे, चाचण्या आणि भरती यांसाठी रुग्णाकडून घ्यायची रक्कम व ती कोणाला माफ आहे, यासंबंधीचे नियम. अमरावती आणि नागपूर विभागांतील अकरा जिल्ह्यांमध्ये हे नियम उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच लागू आहेत. मात्र लांब अंतरे, मेळघाट व गडचिरोलीचा आदिवासी पट्टा, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण आणि कापूस-सोयाबीनवर चालणारा घरखर्च यांमुळे त्यांचा परिणाम येथे वेगळा दिसतो.

ऑगस्ट 2023 पूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात गेल्यावर खिडकीवर पाच-दहा रुपये भरून चिठ्ठी काढावी लागे. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी, भरती यांचे दर वेगळे असत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, गरोदर माता अशा काही गटांना माफी होती. ती मिळवण्यासाठी मात्र पिवळे रेशनकार्ड किंवा दाखला त्या वेळी हातात असावा लागे, आणि तापाने फणफणलेले लेकरू घेऊन वावरातून थेट निघालेल्या बाईजवळ तो कागद नसे. जमा झालेले शुल्क रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जाई आणि दवाखान्याच्या किरकोळ गरजांवर खर्च होई.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या संस्थांमधील हे शुल्क बंद केले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा, स्त्री व जिल्हा रुग्णालयांपर्यंत राज्यातील 2418 संस्था या निर्णयात येतात. अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही त्यांतलेच. येथे नोंदणी, उपचार, चाचण्या आणि औषधे सर्वांना मोफत आहेत, त्यामुळे गरिबीचा पुरावा मागण्याचे कारणच उरले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या निर्णयातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

हा निर्णय एका विभागाचा आहे, सगळ्या सरकारी दवाखान्यांचा नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात आणि ती या निर्णयात नव्हती. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही रुग्णालये, तसेच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर व गोंदिया येथील महाविद्यालयीन रुग्णालये या दुसऱ्या बाजूला पडतात. म्हणून नागपुरातच डागा स्त्री रुग्णालयात चिठ्ठी मोफत, तर मेयोत वेगळा दरतक्ता, असे घडले. गावकऱ्याला या विभागणीची कल्पना असण्याचे कारण नाही. ग्रामीण रुग्णालयातून 108 च्या गाडीने रेफर झालेला माणूस एकाच आजारासाठी एका सरकारी दारातून दुसऱ्या सरकारी दारात जातो आणि तिथे पुन्हा पैशांची विचारणा सुरू होते. चंद्रपूर व गोंदिया येथे पूर्वीचे जिल्हा सामान्य रुग्णालयच महाविद्यालयाला जोडले गेले. 2024 मध्ये गडचिरोली, भंडारा, वाशीम, बुलढाणा आणि अमरावती येथे नवी महाविद्यालये सुरू झाली, तेव्हा हा प्रश्न आणखी जिल्ह्यांच्या दाराशी आला. महाविद्यालय आल्याने तज्ज्ञ डॉक्टर जवळ येतात, हे खरे आणि हवेही आहे. पण त्यासोबत मोफत सेवा मागे सरकता कामा नये, एवढी खबरदारी शासनाने घ्यायला हवी.

दुसरी अडचण बाहेरच्या चिठ्ठीची. दवाखान्यात औषध नसले की कागदावर नाव लिहून मेडिकल स्टोअरमध्ये पाठवले जाते. 2023 च्या निर्णयानुसार असे करायचे नाही. साठा संपला असेल तर संस्थेने स्थानिक पातळीवर खरेदी करून औषध द्यायचे आहे. अडचण खरेदीच्या साखळीत असते. पूर्वी हाफकिन महामंडळामार्फत आणि आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत औषधे घेतली जातात. वरून पुरवठा लांबला की सर्वांत शेवटच्या उपकेंद्रातला डबा सर्वांत आधी रिकामा होतो. बी.पी. आणि शुगरच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना याची झळ सर्वांत जास्त बसते. चिठ्ठीचे दहा रुपये वाचतात आणि गोळ्यांचे काही शे जातात. औषध बाहेरून आणायला सांगितल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा 104 क्रमांकावर तक्रार करता येते. गावात हे सांगण्याचे काम बहुतेक वेळा आशाताईच करतात.

काही माफ्या या निर्णयाहून जुन्या आहेत आणि त्या वैद्यकीय महाविद्यालयांतही चालतात. 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण, घरून दवाखान्यात आणणे आणि परत घरी सोडणे हे सारे मोफत आहे. आजारी बाळालाही एक वर्षापर्यंत हा लाभ मिळतो. क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप आणि एचआयव्ही यांची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमांतून येतात.

विदर्भासाठी सिकलसेलची तरतूद विशेष महत्त्वाची आहे. तपासणी, फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सियुरिया या गोळ्या आणि रक्त रुग्णाला विनामूल्य मिळते. रक्ताच्या बदल्यात रक्तदाता आणण्याची सक्तीही करता येत नाही. अनेक कुटुंबे हे माहीत नसल्याने रक्तासाठी गावभर नातेवाईक शोधत फिरतात. आजाराचे कार्ड जपून ठेवणे आणि दर खेपेला दाखवणे त्यामुळेच गरजेचे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ही शुल्कमाफी नसून विम्यासारखे संरक्षण आहे. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. पुढे अमरावती विभागातील पाच जिल्हे व वर्धा येथील पांढऱ्या रेशनकार्डाचे शेतकरीही तीत आले. 2023 च्याच एका वेगळ्या निर्णयाने संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली. भरती होऊन करायचे ठरावीक उपचार तीत बसतात. ओपीडीतली रोजची औषधे बसत नाहीत.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने शुल्काचा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. आसपासच्या गावांतील कुटुंबांनी ज्वारीच्या हंगामात ऐपतीप्रमाणे धान्य द्यायचे, जमीनवाल्याने अधिक आणि भूमिहीनाने कमी, आणि त्या बदल्यात रुग्णालयात मोफत किंवा सवलतीत उपचार घ्यायचे, अशी ती योजना. रोख पैसा हंगामावरच दिसणाऱ्या भागात घरात जे असते त्यातच वर्गणी घेणे, यात शेतकऱ्याच्या घराची खरी ओळख होती.

शून्य शुल्क असले तरी दवाखाना फुकट पडत नाही. धारणीहून अमरावतीला किंवा भामरागडहून गडचिरोलीला जाताना सोबतच्या माणसाचे भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी कोणत्याही दरतक्त्यात नसते. नवसंजीवन योजनेच्या आदिवासी क्षेत्रात कुपोषित बालक भरती असताना त्याच्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. सोयाबीनच्या सवंगणीत किंवा कापूस वेचणीत आजारी पडणाऱ्या बाकीच्या मजुरांसाठी अशी तरतूद नाही.