साथ द्यायची, पण सूत्रं कोणाकडे?

'अलाय', म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्या बाजूने उभा राहणारा बाहेरचा माणूस, हा शब्द आपल्याकडे तसा नवाच, कॉलेजच्या कट्ट्यांवर आणि 2011 पासून पुण्यात निघणाऱ्या प्राइडमध्ये, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी लोकांच्या मोर्चात, रुळलेला. मराठीत कुणी सहयोगी म्हणतं, कुणी साथी, मला 'साथ देणारा' जास्त पटतं. पण त्यातला पेच पुण्याला चांगलाच जुना आहे.

भिडेवाडा वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देऊ. 1929 चा पर्वतीचा सत्याग्रह घ्या, देवळात जायचा हक्क मागायला दलित कार्यकर्ते टेकडी चढले तेव्हा काही सवर्ण तरुणही बरोबर होते, दगडफेक झाली तेव्हाही होते. देऊळ काही उघडलं नाही.

खरा वाद 1932 चा. सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधी-आंबेडकरांचा पुणे करार झाला आणि आठवडाभरात अस्पृश्यता निवारणासाठी देशभराची संस्था उभी राहिली, पण ती चालवायची कुणी? एक बाजू, गांधींची, म्हणाली, पाप सवर्णांचं तर प्रायश्चित्तही त्यांनीच करायचं, म्हणून कारभारही त्यांच्याकडेच. दुसरी बाजू, आंबेडकरांची, म्हणत होती की आधी विहीर, शाळा, रस्ता इथले हक्क मिळवून द्या, त्यासाठी गावागावात वैर पत्करावं लागलं तरी पत्करा, आणि काम करायला माणसं आमच्यातली घ्या. चाललं पहिल्या बाजूचं. प्रायश्चित्ताची भावना खरी होती हे मी मानते, पण त्यात ज्याचं दुखतंय त्याच्या वाट्याला नुसतं घेणं येतं, ठरवणं येत नाही, आणि माझ्या मते गाडी तिथेच चुकली. नावाचंही तेच. 1933 च्या फेब्रुवारीत पुण्यातनंच गांधींचं 'हरिजन' साप्ताहिक सुरू झालं, ते नाव ज्यांना दिलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ते कधीच नको होतं, 'दलित' मात्र त्यांनी आपणहून छातीवर मिरवलं.

नंतर 1972 च्या दुष्काळात 'एक गाव एक पाणवठा', म्हणजे गावातलं पाणी सगळ्या जातींना खुलं करायचं आंदोलन, झालं, आणि 1993 ला पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना. ही संघटना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शिकलेल्या बायका पाठीशी होत्या, कागदपत्रं, महापालिकेच्या चकरा त्यांनी सांभाळल्या, पण सभासद कचरावेचकच, आणि 2008 ला घरोघरचा कचरा उचलायचं काम मिळालं ते त्यांच्याच सहकारी संस्थेला. सुप्रीम कोर्टाने 2014 ला तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि 2018 ला समलिंगी संबंध गुन्हा नाही असं ठरवलं, त्यानंतर या लोकांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो, स्टेजवर माईक कुणाच्या हातात.

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना लिफ्ट बंद केली होती. मी तावातावाने मीटिंगमध्ये बोलायला निघाले, जाता जाता त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "लिफ्टचं नंतर बघा ताई, आधी त्यास्नी पॅड पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका करायला सांगा, रोज उघड्या हातानं काढावं लागतंय." मग मीटिंगमध्ये पहिला मुद्दा तो घेतला, लिफ्टचा दुसरा.