चिखलातून पसरणारी मर: जंगलातल्या मूळकुजीचा इतिहास

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला मूळकूज नवी नाही. आल्याचा कंद सडतो, हरभऱ्याला मर लागते, तेव्हा तो आधी पांढरी मुळी तपासतो. रानातल्या झाडांकडे मात्र आपण असं पाहत नाही. दाजीपूरच्या वाटेवर जांभूळ किंवा हिरडा शेंड्याकडून वाळलेला दिसला, की वय झालं असेल म्हणून पुढे जातो.

जगभरची जंगलं पोखरणाऱ्या एका रोगाची नोंद १९२२ साली सुमात्रा बेटावर, दालचिनीच्या झाडांवर झाली. फायटॉप्थोरा सिनॅमोमी असं त्या रोगकारकाला नाव मिळालं. तो बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे. ओल्या मातीत त्याचे बीजाणू पोहत जाऊन मुळीला चिकटतात. मुळी कुजली की जमिनीत ओल असूनही झाड तहानेनं वाळतं. माती कोरडी पडली तरी जाड कवचाचे बीजाणू तिच्यात वर्षानुवर्षं टिकतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियात जारा हे तिथलं मूळचं झाड १९२० च्या दशकापासून पट्ट्यापट्ट्यानं मरत होतं. त्यामागे हाच फायटॉप्थोरा आहे, हे वनरोगांचे अभ्यासक फ्रँक पॉजर यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं. तोवर रस्त्यांसाठी रोगट मुरूम उचलून रानभर पसरला होता, लाकूड वाहणाऱ्या गाड्यांच्या चाकांनीही चिखल दूरवर नेला होता. माणसानं स्वतःच्या हातानं रोग पेरला, हे वाचताना मन फार अस्वस्थ होतं. त्या भागातल्या सुमारे ४० टक्के देशी वनस्पतींना आज या रोगाचा धोका आहे.

न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांवर याच कुळातला दुसरा रोग आला. १९७० च्या दशकात तो दिसला, पण त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं ते थेट २०१५ मध्ये. २०१७ च्या अखेरीस ऑकलंडजवळच्या वायताकेरे जंगलावर स्थानिक माओरी समाजानं प्रवेशबंदी जाहीर केली. पुढच्या वर्षी महापालिकेनंही बहुतेक वाटा बंद केल्या.

आपल्याकडे याच कुळातल्या रोगांनी संत्र्याला डिंक्या आणि सुपारीला कोळे रोग आणला. शहरातल्या झाडांचा शत्रू निराळा. पाइपलाइनसाठी चर खणताना मुळं तुटतात, त्या जखमेतून गॅनोडर्मा ही बुरशी शिरते. खोडाच्या बुंध्याशी तपकिरी, चकचकीत छत्री उगवते तेव्हा आतली मुळं बरीच पोकळ झालेली असतात.

राधानगरी-दाजीपूरच्या रानाला पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत जागा मिळाली. तिथं मुसळधार पाऊस, भिजलेली तांबडी माती, आणि नेमक्या पावसाळ्यात वाढणारी पर्यटकांची वर्दळ, अशी सगळी जुळणी आहे. फॉस्फाइट या रसायनाचं इंजेक्शन झाडाला तग धरायला मदत करतं, पण मातीतला रोग त्यानं जात नाही. म्हणून बूट आणि टायर रानात शिरण्याआधीच धुतले पाहिजेत. लागवडीची रोपं कुठल्या नर्सरीतून, कसल्या मातीच्या पिशवीतून येतात, हे वनखात्यानं आणि वृक्षारोपण करणाऱ्या मंडळांनी खड्डा काढण्याआधी विचारायला हवं.