पार्श्वभूमी : नवा कर्नल बूट का होत नाही?

लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सोर्स कोडवरून स्वतः कंपाइल करून मशीन रीस्टार्ट केलं, की काळ्या पडद्यावर एकच ओळ येऊन थांबते: ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम जोडता आली नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची इंजिनिअरिंगची मुलं इथं हमखास अडतात आणि सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल करतात. तसं करायची गरज नसते. ही ओळ नीट वाचता येते, फक्त तिच्यामागं काय काय घडलंय ते ठाऊक हवं.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सोडलेला पहिला कर्नल जेमतेम दहा हजार ओळींचा होता आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) त्याच्या पोटातच होते. हार्डवेअर वाढलं तसं हे परवडेना. १९९५ च्या १.२ आवृत्तीत मॉड्यूल, म्हणजे गरजेप्रमाणे वेगळे चढवता येणारे कर्नलचे तुकडे आले आणि तिथंच पेच पडला: डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तोच ड्रायव्हर हवा. तोडगा म्हणून मेमरीत आधी चढणारी छोटी फाइलसिस्टिम आली. आधी इनिट-आरडी, मग २००३ च्या २.६ पासून इनिटरॅमएफएस.

म्हणून (०,०), म्हणजे डिस्कच्या क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं, दिसलं की समजायचं, कर्नलला डिस्कच सापडलेली नाही. बहुतेक वेळा इनिटरॅमएफएस बनलेलंच नसतं किंवा अर्धवट असतं. खानापूर तालुक्यातल्या पावसात ऐन इन्स्टॉलच्या वेळी लाइट गेली तरी एवढं पुरतं. याउलट (८,१) आलं, तर डिस्क मिळालीय, पण तिच्यावरची एक्स्ट४ ही फाइलसिस्टिम वाचायची सोय कर्नलमध्ये घातलेली नाही. या दोन आकड्यांतला फरक कळला तर अख्खी रात्र वाचते.

२००६-०७ च्या सुमारास एचडीए नावाच्या डिस्का एसडीए झाल्या आणि जुन्या एफएसटॅबवर (कोणती डिस्क कुठं जोडायची ते सांगणारी फाइल) चालणारी मशीनं नव्या कर्नलवर अडली. त्यात डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहायची पद्धत त्यानंतर रुळली.

२०१२ पासून सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाच डिजिटल सही तपासणारी सोय, आलं. त्यात सही नसलेला कर्नल चढतच नाही, मग कंपाइल कितीही बिनचूक असो.

मला जास्त काळजी वाटते ती २००९ च्या २.६.३२ मध्ये आलेल्या ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ या कमांडची; कंपाइल करताना काय काय घ्यायचं ते ती ठरवते. ते त्या क्षणी लोड असलेलेच मॉड्यूल ठेवतं. वेळ खूप वाचतो, जुन्या लॅपटॉपवर तर फारच. पण तेव्हा न जोडलेलं वायफाय डोंगल नंतर चालत नाही, आणि दोष डोंगलला दिला जातो. कमांड देण्याआधी रोजच्या वापरातलं सगळं जोडून ठेवावं, आणि जुना कर्नल ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडून देणारा प्रोग्राम) यादीतून काढू नये.