फ्रेंच-कॅनेडियन शेतकरी घराण्यांचा वंशशोध

सेंट लॉरेन्स नदीकाठी, आजच्या क्वेबेक प्रांतात सतराव्या शतकापासून वसलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांची वंशावळ मूळ कागदपत्रांवरून जुळवण्याचा अभ्यास. या शेतकऱ्यांना तिथे ‘आबितां’ म्हणत. त्यांतल्या बहुतेकांना सहीसुद्धा करता येत नसे. तरी त्यांचा माग पुष्कळदा फ्रान्समधल्या मूळ गावापर्यंत लागतो, कारण चर्च, नोटरी (करार-दस्त लिहिणारा अधिकारी) आणि जमीनदार या तिघांच्याही दप्तरात त्यांची नोंद होई.

शोध लग्नापासून सुरू करतात. पहिल्या लग्नाच्या नोंदीत सहसा वधूवरांच्या आईवडिलांची नावे असतात आणि आईचे नाव माहेरच्या आडनावानेच लिहिलेले असते. त्यामुळे एका नोंदीतून एक पिढी मागे जाता येते. विधवा किंवा विधुराच्या लग्नात आईवडिलांऐवजी बहुधा आधीच्या जोडीदाराचे नाव असते. मग ते पहिले लग्न हुडकावे लागते. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) लागे, म्हणून नवऱ्याच्या गावचीच वही चाळत बसण्यात अर्थ नाही. 1679 पासून या वह्या दोन प्रतींत ठेवल्या जात. एक चर्चमध्ये राही, दुसरी न्यायालयाकडे जाई. चर्च जळाले तरी नोंद उरते ती यामुळे.

खरी गुंतागुंत आडनावांची. सैन्यातले टोपणनाव, गावाचे नाव किंवा घराण्याची ओळख ‘दी’ (म्हणजे ‘ऊर्फ’) या शब्दाने मूळ आडनावाला जोडत. ‘मिव्हिल दी देशेन’ या कुळाचे काही वंशज पुढे मिव्हिल झाले, काही देशेन. दोन्ही नावांनी शोध घेतला नाही, तर अर्धे घराणे हातून सुटते.

माणसाचे जगणे मात्र नोटरीच्या दप्तरात सापडते. तिथे लागू असलेल्या पॅरिसच्या रूढ कायद्यानुसार पतिपत्नीची मिळकत सहसा सामाईक असे. एकजण वारला की वाटणीसाठी घरातल्या चीजवस्तूंची यादी होई. तीत हंडे, कुऱ्हाडी, फाटकी पांघरुणे, गाई, कोठारातला गहू असे सगळे किमतीसह येते. म्हातारपणी शेत एखाद्या मुलाच्या नावे करताना वर्षाला किती गहू, किती डुकराचे मांस, किती जळण द्यायचे, हेही लेखी ठरवून घेत. आईबापांचा मुलावर किती भरवसा होता, याचा अंदाज या कलमांवरून येतो. जमीन नदीकडे तोंड असलेल्या लांबट, अरुंद पट्ट्यांत दिलेली असे. जमीनदारी पद्धत 1854 मध्ये रद्द झाली, पण तिचे दस्तऐवज टिकले. 1667 आणि 1681 च्या जनगणनांत लागवडीखालची जमीन आणि गुरेही मोजलेली आहेत.

सही न येणाऱ्या माणसाचाही माग लागतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे फ्रान्सच्या पेर्श प्रांतातून 1634 मध्ये आलेला सुतार झाकारी क्लूतिए. लिहिता येत नसल्याने तो कागदावर कुऱ्हाडीचे चित्र काढी. आजच्या असंख्य फ्रेंच-कॅनेडियन वंशावळींत तो सापडतो.

सिप्रियां तांगे या धर्मगुरूचा सात खंडांचा वंशकोश (1871–1890) अजून वापरला जातो. त्यात चुका आहेत, म्हणून मूळ नोंद पाहणे आवश्यक. माँट्रियल विद्यापीठात 1966 मध्ये सुरू झालेल्या लोकसंख्या-संशोधन प्रकल्पाने जुन्या पॅरिश-नोंदी कुटुंबवार जोडल्या आहेत.

1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत, मुख्यतः न्यू इंग्लंडच्या (ईशान्येकडच्या राज्यांच्या) गिरण्यांकडे गेले. तिथे आडनावांचे इंग्रजीत भाषांतर होऊन त्यांच्यापैकी काही बुआव्हेरांचे ग्रीनवुड झाले, काही रुआंचे किंग. अशा घराण्याचा शोध अमेरिकेतल्या फ्रेंच पॅरिशच्या वहीपासून सुरू करणे सोयीचे, कारण तिथल्या पाद्र्यांनी नावे बहुधा फ्रेंचमध्येच लिहून ठेवली.