सीताफळाचं चित्र काढताना

नवख्या हाताला सीताफळ काढायला सांगितलं, की तो आधी एक गोल काढतो आणि मग त्यात मासोळीसारखे खवले भरत सुटतो. सगळे खवले एकाच मापाचे, या काठापासून त्या काठापर्यंत. फळ ओळखू येतं, पण पोळीसारखं चपटं दिसतं. हात चांगला वळायच्या आधी त्या खवल्यांमागे काय आहे ते कळायला हवं. आपण त्यांना डोळे म्हणतो, तोच शब्द इथेही वापरू.

विदर्भात या अभ्यासासाठी फार लांब जावं लागत नाही. यवतमाळ-वाशिमच्या टेकड्यांवर, बुलढाण्याच्या घाटात, वावराच्या धुऱ्यावर सीताफळ कुणी न लावताही उगवतं. मुरमाड जमीन त्याला चालते आणि पानांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे जिथे दुसरं रोपटं टिकत नाही तिथे हे टिकतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात डालीच्या डाली येतात.

आता फळाच्या आधी फूल. पावसाळ्याच्या तोंडाशी झाडाखाली उभं राहून फांदीच्या खालच्या अंगाला बघा. हिरवट-पिवळ्या, जाड, लांबट अशा तीन पाकळ्यांचं फूल मान खाली घालून लोंबत असतं. बघणारा सहज पुढे जाईल इतकं ते साधं. पाकळ्या बाजूला केल्या की मधोमध एक इवलासा शंकू दिसतो आणि त्यावर दाटीनं बसलेले पुष्कळ स्त्रीकेसर, म्हणजे फुलाचे मादी भाग. प्रत्येक स्त्रीकेसरात बीजांड एकच. पराग पोचले की त्या बीजांडाची बी होते, तिच्याभोवती गर भरतो आणि बाहेरून जो उंचवटा दिसतो तो एक डोळा. म्हणजे सीताफळ हे एका फुलातून झालेल्या अनेक लहान फळांचं एकत्र वाढलेलं कुटुंब आहे. वनस्पतिशास्त्रात अशा फळाला घोसफळ म्हणतात. हे एकदा मनात बसलं की तुम्ही खवले भरत नाही, एकेक फळ काढता.

फळ खिडकीशी ठेवा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या आणि देठ थोडा आपल्याकडे झुकवा. एचबी पेन्सिलनं अगदी फिकी बाह्यरेषा काढा: देठाकडे रुंद, खाली किंचित निमुळती, देठापाशी लहानसा खळगा. देठापासून टोकापर्यंत मधली रेषा काढा, ती फळाच्या फुगीरपणाबरोबर वाकू द्या.

यापुढचा भाग महत्त्वाचा, इथे घाई नको. फळ हातात घेऊन एका डोळ्यावर बोट ठेवा आणि शेजारच्या तिरप्या डोळ्यावर सरकवा, मग त्याच्या पुढच्या. रांग फळाला वळसा घालत खाली उतरते. उलट दिशेनं गेलात तर तशीच दुसरी रांग सापडते. फुलातल्या शंकूवर स्त्रीकेसर मळसूत्री क्रमानं बसलेले असतात, तोच क्रम फळावर उरतो. कागदावर या दोन्ही दिशांच्या वाकड्या रेषा आखा. मध्यभागी त्या लांब लांब आणि काठाकडे जवळ जवळ. फळाला गोलाई येते ती या अंतरांमुळे, छायेचं काम त्यानंतरचं.

रेषांच्या चौकटीत आता एकेक डोळा बसवा. सुरुवात समोरच्या सगळ्यात मोठ्या डोळ्यापासून करा. देठाकडे आणि टोकाकडे ते लहान होत जातात, काठावरचे एकमेकांआड दडतात. शेवटी पहिली बाह्यरेषा खोडून टाका. सीताफळाला गुळगुळीत कड नसते, काठावरच्या डोळ्यांचे उंचवटे हीच त्याची कड.

छाया दोन थरांची. आधी संपूर्ण फळाची, उजेडापासून दूर जाणारी बाजू हलकेच गडद करत. मग प्रत्येक डोळ्याची वेगळी. आणि खाचा? कोवळ्या फळात डोळे एकमेकांना चिकटलेले, खाचा अरुंद आणि काळपट. फळ तयार होत आलं की डोळे फुगतात, एकमेकांपासून सुटतात आणि मधली फिकट, पिवळसर साल उघडी पडते. तोडणाऱ्या बाया हेच बघतात. ‘डोये उघडले का मंग तोडाचं’, असं त्या सांगतील. तेव्हा पिकायला आलेलं फळ काढताना खाचा काळ्या करू नका, कागद तसाच पांढरा सोडा. रंगवत असाल तर डब्यातला तयार हिरवा सरळ लावू नये. पिवळ्यात थोडा निळा, कणभर लाल मिसळला की सीताफळाचा तो राखाडी झाक असलेला हिरवा मिळतो.

बाजारातून सुबक फळ निवडून आणायचा मोह होतो. मी तर म्हणेन, वाकडंच आणा. सीताफळाचं फूल आधी मादी अवस्थेत असतं आणि नंतर नर अवस्थेत जाऊन पराग सोडतं, त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःला फारसे लाभत नाहीत. ही ने-आण इवले भुंगेरे करतात. ते पुरेसे फिरकले नाहीत तर काही स्त्रीकेसर तसेच राहतात, तिथले डोळे भरत नाहीत आणि फळ एका अंगाला बसतं. काही बागायतदार म्हणूनच मऊ कुंचल्यानं हातानं परागण करतात, आपण रंगवायला घेतो तसाच कुंचला घेऊन.

नुसत्या बाहेरच्या आकारावर विसंबलं तर जाणकारही अडतात. 1873 मध्ये मध्य प्रदेशातला भारहुतचा प्राचीन बौद्ध स्तूप शोधणारे अलेक्झांडर कनिंगहॅम यांना तिथल्या शिल्पांतलं एक खवलेदार फळ सीताफळ वाटलं. पण या झाडाचं मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं आणि शिल्पं इसवीसनापूर्वीची, म्हणून त्या ओळखीवर पुढे वाद झाला. दगडात फळाचं पोट दिसत नाही. आपल्या कागदावर ते दाखवता येतं, म्हणून शेजारी उभा छेद जरूर काढा: मधोमध पांढरट दांडा, त्याच्याभोवती गराच्या पाकळ्या, त्यांत काळ्याभोर चकचकीत बिया. फळ कापायचं काम मोठ्यांनी करावं, आणि बी फोडू किंवा कुटू नये. तिची पूड आपल्या डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते.

छेद वाकड्या फळाचा असेल तर तो फुगलेल्या आणि बसलेल्या अशा दोन्ही बाजूंतून जाऊ द्या. मग दोन्हीकडच्या बिया मोजून चित्राखाली आकडे लिहा.