२४० रेषांचा गेम आणि १०८० चा घोळ

जुन्या कन्सोलवरचा गेम रेकॉर्ड करायला बसलं की बहुतेक जण डोळे झाकून १०८० (चित्रातल्या आडव्या ओळींची संख्या) निवडतात. ‘फुल एचडी’ म्हटल्यावर आणखी काय हवं? पण ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गेमसाठी हाच आकडा सगळ्यात अडचणीचा ठरतो, आणि त्याचं मूळ टीव्हीच्या रेषांमध्ये आहे.

अमेरिका-जपानचा जुना टीव्ही ५२५ रेषांचा. (आपला दूरदर्शनच्या जमान्यातला, ‘पाल’ पद्धतीचा टीव्ही ६२५ चा.) त्यावर आधी एकाआड एक रेषा उमटत, मग मधल्या फटी भरल्या जात. अशी अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, सेकंदाला सुमारे ६०. फटी जुळायला दोन फील्डमध्ये अर्ध्या रेषेचा फरक लागतो. १९८३ च्या, निन्टेंडोच्या फॅमिकॉमसारख्या कन्सोलांनी तो फरकच काढून टाकला. प्रत्येक फील्ड आधीच्याच जागी पडू लागलं. दिसणाऱ्या रेषा उरल्या २४०, पण चित्र सेकंदाला ६० वेळा पूर्ण नवं.

पुढे कॅप्चर कार्डं, म्हणजे बाहेरचं चित्र संगणकात रेकॉर्ड करणारी उपकरणं, आली ती टीव्ही आणि व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट डोळ्यांसमोर ठेवून. त्यांतली बरीचशी ही चलाखी ओळखत नसत. दोन वेगळ्या फ्रेम (पूर्ण चित्रं) एकमेकींत विणून टाकत, की पळणाऱ्या पात्राच्या कडांना कंगव्याचे दात. नाहीतर निम्म्या फ्रेम सरळ गाळत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मार खाल्लेला मोठा मारिओ लहान होऊन लुकलुकतो, ते एका फ्रेममध्ये दिसून आणि पुढच्या फ्रेममध्ये गायब होऊन. त्याचं सेकंदाला ३० फ्रेमचं रेकॉर्डिंग पाहा : एक तर तो लुकलुकतच नाही, किंवा पडद्यावरून नाहीसाच होतो!

यूट्यूबने २००८ च्या अखेरीस ७२० आणि २००९ मध्ये १०८० दिलं. सेकंदाला ६० फ्रेम मिळायला मात्र २०१४ चा ऑक्टोबर उजाडला, आणि त्याही फक्त ७२० पासून पुढे. म्हणजे २४० रेषांचा गेम जसाच्या तसा चढवला तर निम्मी हालचाल गेली. तो मोठा करणं भागच.

आता किती मोठा? २४० ची तिप्पट ७२०, सहापट १४४०, नऊपट २१६०. १०८० मात्र साडेचारपट. पिक्सेल अर्धा कापता येत नाही, म्हणून एक रेषा चार ओळींची होते, शेजारची पाच ओळींची. गेम वर-खाली सरकला की वीटकामासारख्या नक्षीवर लाटा धावतात. त्या घालवायला चित्र मऊ केलं, तर धुरकट होतं. हातात धरून खेळायच्या गेम बॉय कन्सोलच्या १४४ रेषांचंही तेच : पाचपट ७२०, दहापट १४४०, आणि १०८० ला साडेसातपट. १९२० गुणिले १०८० हा हिशोब १६:९ चा पडदा चौकोनी पिक्सेलांनी भरण्याचा. २४० रेषांचं कोणाच्या ध्यानीमनीही नसणार.

१०८० च हवं असेल तर पाचपट करून १२०० ओळी घ्यायच्या आणि वरून-खालून साठ-साठ छाटायच्या. मूळच्या बारा-बारा रेषा जातात. जुने टीव्ही काठ झाकतच असत, त्यामुळे सहसा काही बिघडत नाही. स्कोअर अगदी काठावर असेल तर मात्र त्याचा बळी जातो. माझं मत १४४० ला, आणि मूळ २४० ची लॉसलेस (दर्जा जराही न घटवणारी) फाइल वेगळी जपून ठेवायची.

रुंदीचं दुखणं निराळं. फॅमिकॉमचे २५६ स्तंभ टीव्हीवर ताणून दिसत. चौकोनी पिक्सेलांत ठेवले तर मारिओ वाळलेला दिसतो. जुन्या पीसीवरच्या, डॉसच्या ३२० गुणिले २०० गेमचं बरं आहे : रुंदी पाचपट, उंची सहापट, की १६०० गुणिले १२००, नेमकं ४:३.

एवढं करूनही ‘सॉनिक’ या गेममधल्या धबधब्यापाशी अडायला होतं. ते पाणी खरं तर उभ्या पट्ट्यांचं. साध्या पिवळ्या पिनेच्या केबलवर पट्ट्या मिसळून पारदर्शक वाटत. काटेकोर कॅप्चरमध्ये धबधब्याच्या जागी गजांची खिडकी दिसते.